आधी मिस्त्री, मग ट्रॅक्टर

जुना ट्रॅक्टर हौस म्हणून विकत घेणं हा प्रकार आता आपल्या भागातही आलाय. आतापर्यंत ही हौस जुन्या जीपची, बुलेटची आणि येझदीची होती. आता बेळगावहून खानापूरकडे किंवा चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याकडे निघालात, की एखाद्या फार्महाऊसच्या फाटकाशी लालभडक रंग दिलेला ट्रॅक्टर उभा दिसतो. बॉनेटवर कुंड्या, स्टिअरिंगला लाइटच्या माळा. पाहुणे त्याच्यावर बसून फोटो काढतात. ट्रॅक्टर जागचा हलत नाही, कारण बऱ्याचदा आतलं इंजिन कधीच निघून गेलेलं असतं.

हौसेला माझा विरोध नाही. जुनी वस्तू जपावीशी वाटणं चांगलंच आहे. पण ट्रॅक्टर म्हणजे फुलदाणी नव्हे. ओढणं, उचलणं, फिरवणं हे त्याचं काम, आणि तो जपायचा तर हे काम जपावं लागतं. म्हणून माझं मत असं आहे: हौसेसाठी जुना ट्रॅक्टर निवडताना मॉडेल, साल आणि रंग यांच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. पहिला, हा ट्रॅक्टर दुरुस्त करू शकणारा माणूस माझ्यापासून किती लांब राहतो? दुसरा, या ट्रॅक्टरवर आज कुणाचं पोट आहे का? पहिल्याचं उत्तर 'जवळच' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, तरच पुढे बोलणी करावीत.

साहित्याच्या विद्यार्थिनीचा ट्रॅक्टरशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. माझे एक काका पंचवीस वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये होते. आता ते कायमचे घरी आलेत, खानापूर तालुक्यात घरची थोडी भाताची जमीन आहे, आणि त्यांना जुना ट्रॅक्टर हवाय. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर मी सात-आठ ट्रॅक्टर बघून आले. काका इंजिनाजवळ, मी वही घेऊन मागे. त्यांनी अजून एकही घेतलेला नाही. पण या फिरण्यात जे ऐकलं, बघितलं आणि घरी येऊन वाचलं, त्यातून ही मतं बनली.

आधी बघू, निवडायला आहे काय. आपल्याकडे हौशी माणसाच्या आवाक्यात येणारा जुना ट्रॅक्टर म्हणजे साधारण १९६० ते १९८५ या काळातला. त्याआधीचे बहुतेक परदेशातून आलेले. १९५९ मध्ये फरिदाबादला जर्मनीच्या आयशर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर तयार झाला आणि भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर म्हणून त्याचं नाव घेतात. १९६० मध्ये मद्रासला टॅफे स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन आपल्याकडे बनू लागला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर ही अमेरिकन कंपनी आणि व्होल्टास यांच्याबरोबर मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली, त्यांचा बी-२७५ गाजला. एस्कॉर्ट्सने आधी पोलंडच्या उर्सुसबरोबर आणि १९७१ पासून फोर्डबरोबर ट्रॅक्टर काढले. त्याच १९७१ मध्ये सरकारी एचएमटीने पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं २५११ हे मॉडेल बनवायला घेतलं. बडोद्याच्या वाचकांना तिथला हिंदुस्तान ट्रॅक्टर्सचा कारखाना माहीत असेल, त्याचंही नातं झेटरशीच. आणि १९७४ मध्ये स्वराज ७२४ आला. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी यांत्रिक संशोधन संस्थेत झाला होता, कुठल्याही परदेशी कंपनीचा हात धरलेला नव्हता, म्हणून नावही स्वराज.

ही यादी वाचताना मजा वाटते. जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन, पोलिश, चेक. तिकडे शीतयुद्ध चालू होतं आणि इकडे दोन्ही बाजूंचे ट्रॅक्टर आपल्या शिवारात बांधाला बांध लावून नांगरत होते.

अशी यादी हातात आली की मन लगेच दुर्मीळ नावाकडे धावतं. सगळ्यांकडे मॅसी असतो, आपण पोलिश एस्कॉर्ट्स शोधू, असं वाटतं. दुर्मीळ तेच मौल्यवान, हे माप आपण पोस्टाची तिकिटं आणि नाणी जमवणाऱ्यांकडून उचललंय. पण तिकिटाला स्पेअर पार्ट लागत नाही. ट्रॅक्टरला लागतो, आणि दुर्मीळ ट्रॅक्टरला दुर्मीळ पार्ट लागतो.

ज्या देशात ही हौस खोलवर रुजलीय, तिथले लोक उलटं सांगतात. ब्रिटनमध्ये नवख्या हौशी माणसाला बहुतेक वेळा फर्ग्युसन टीई-२० घ्यायला सुचवतात. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून हे छोटे करड्या रंगाचे ट्रॅक्टर ५ लाखांहून जास्त बाहेर पडले. म्हणजे दुर्मीळ तर अजिबात नाहीत. एडमंड हिलरी आणि त्यांचे साथीदार जानेवारी १९५८ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ती गोष्ट पुढे सांगायला छान आहे. पण लोक तो घेतात ते वेगळ्या कारणासाठी. त्याचे पार्ट आजही नवे मिळतात, माहितीची पुस्तकं मिळतात, आणि जवळपास कुणीतरी तो खोलून बांधलेला असतो. तिथे जुन्या ट्रॅक्टरांच्या नांगरणीच्या स्पर्धा भरतात. सरळ तास कोण काढतो ते बघतात. नांगरायचं म्हणजे ट्रॅक्टर चालू हवा, चालू ठेवायचा म्हणजे पार्ट हवेत, पार्टला गिऱ्हाईक आहे म्हणून कुणीतरी ते बनवतं. हौसेने तिथे एक बाजार जिवंत ठेवलाय. आपल्याकडची कुंडीवाली हौस कुठल्याच मिस्त्रीला धंदा देत नाही.

याच फर्ग्युसनमुळे ट्रॅक्टरमध्ये नेमकं काय जपायचं तेही कळतं. हॅरी फर्ग्युसनच्या आधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जायचा, बैलगाडीला दोरी बांधून ओंडका ओढावा तसा. फर्ग्युसनने तो मागे तीन बिंदूंवर जोडला आणि हायड्रॉलिक लिफ्टवर टांगला. नांगर जमिनीत ओढ खायला लागला की त्याचा भार मागच्या चाकांवर येतो, चाकं जमीन घट्ट धरतात, आणि हलका ट्रॅक्टरही जड ट्रॅक्टरचं काम करतो. आज जगातल्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरमागे तीच तीन टोकांची जोडणी असते. म्हणून लिफ्ट मेलेला ट्रॅक्टर कितीही चकचकीत असला तरी माझ्या लेखी तो अर्धाच.

आता पार्टचा प्रश्न. आम्ही ज्या मिस्त्रींना बरोबर नेत होतो त्यांनी काकांना एक साधी कसोटी सांगितली. ते म्हणाले, "लेथवर होणारं मोडलं तर रडायचं नाही. लेथवर न होणारं मोडलं तर रडून उपयोग नाही." बूश, पिना, नटबोल्ट, एखादा शाफ्ट हे सगळं बेळगावात उद्यमबागेत करून मिळतं. फाउंड्री आणि हायड्रॉलिकच्या कामासाठी आपलं गाव ओळखलं जातं, ही आपली मोठी जमेची बाजू. पण क्राउन-पिनियनचे कडक केलेले दात, डिझेल पंपाच्या आतला एलिमेंट, नोझल, सिलिंडर हेड ही कामं गल्लीतल्या लेथवर होत नाहीत. ती वस्तू बाजारात मिळाली तर ट्रॅक्टर जगतो, नाहीतर बसतो. म्हणून ट्रॅक्टर बघायला जाण्याआधीच दुकानात जाऊन या चार वस्तू विचाराव्यात. दुकानदाराने "उद्या या" म्हटलं तर ठीक. त्याने "हे कुठलं हो?" असं विचारलं, तर ते मॉडेल सोडून द्यावं.

उद्यमबागेचा विषय निघालाय तर हेही आठवायला हवं. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच बेळगावात सायकली विकत होते आणि इथेच त्यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांना भीती होती, सुरुवातीला नांगर खपेना. पुढे १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली आणि बेळगावचा हा उद्योग तिकडे गेला. फार पुढे स्वराज ट्रॅक्टरना इंजिनं पुरवण्यासाठी पंजाबात जी कंपनी निघाली तिच्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स भागीदार होती. म्हणजे आपल्या शिवारातल्या जुन्या स्वराजचं बेळगावशी लांबचं का होईना, नातं आहे. यंत्राच्या इतिहासाची आवड असलेल्याला तेवढं कारण पुरे.

मग आपल्या भागात घ्यावा कुठला? माझा क्रम असा लागतो. सगळ्यात वर मॅसी फर्ग्युसन १०३५. तीन सिलिंडर, पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास, सिम्पसनचं इंजिन. हे नाव आजही नव्या ट्रॅक्टरवर आहे आणि त्याचं इंजिन बांधलेला मिस्त्री आपल्याकडे शोधावा लागत नाही. त्याच्या बरोबरीने महिंद्राचा बी-२७५. त्याच्या घराण्यातला २७५ अजून विकला जातो. स्वराज ७२४ लहान आणि सुटसुटीत, दोन सिलिंडरचा, थोड्या जमिनीला आणि अरुंद वाटांना चांगला. मात्र एक सावधगिरी: नाव तेच राहिलं म्हणून पार्टही तोच राहिला असं नसतं. वीस वर्षांत आतलं बरंच बदलतं. जुना पार्ट हातात घेऊन दुकानात जायचं आणि शेजारी ठेवून बघायचं.

एचएमटीचं दुःख वेगळं. झेटर २५११ हे दोन सिलिंडरचं दणकट यंत्र, त्याच्यावर जीव लावलेले शेतकरी अजून भेटतात. पण केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. कारखाना नाही म्हटल्यावर पार्ट कुठून येणार? भंगारातून, दुसऱ्या एचएमटीच्या पोटातून. ज्याला तो घ्यायचाय त्याने एकाऐवजी दोन घ्यावेत, एक चालवायला आणि एक खोलायला. जागा असेल आणि मिस्त्री झेटर जाणणारा असेल, तरच.

जुना आयशर मात्र ऐकायलाच जावं. एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, पाण्याचा होज फुटायची भीती नाही. धप धप धप असा सावकाश आवाज, मधे मधे वाटतं आता बंद पडतो की काय. शिकायला सोपं यंत्र. फक्त त्याचा तो धक्का पाठीला सोसतो का ते आधी तासभर बसून बघावं.

निळा फोर्ड ३००० दिसायला सगळ्यात देखणा, हे मीही मान्य करते. पण ज्याला फोर्ड घ्यायचाय त्याने पंप आणि हायड्रॉलिकची चौकशी दुप्पट करावी. देखणेपणाची किंमत विकणारा आधीच लावतो.

मॉडेल ठरलं की यंत्र बघायचं. इथे मिस्त्री बरोबर हवाच, पण काही गोष्टी आपल्यालाही बघता येतात. ट्रॅक्टर थंड असताना बघायला जायचं. आपण पोहोचायच्या आधी मालकाने तो चालू करून ठेवला असेल, तर इंजिनाला हात लावून बघायचा आणि परत सकाळी लवकर यायचं. थंड इंजिन किती सेल्फ मारल्यावर उठतं, त्यावर बरंच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा गाइड गेलेत. काळा म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर नोझल तरी खराब किंवा पाणी तरी आत शिरतंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी ऑइलमध्ये मिसळलंय, तिथेच नमस्कार करून निघावं. ब्रीदरमधून भसाभस हवा येत असेल तर इंजिन खोलायची वेळ झालीय.

मग लिफ्ट. मागे नांगर अडकवून वर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत नांगर जमिनीला टेकला तर आतल्या सील किंवा सिलिंडर गेलाय. ही चहाची परीक्षा मिस्त्रींचीच. पुढे प्रत्येक गिअरमध्ये भार देऊन चालवायचा, कुठला गिअर निसटतो का बघायचं. पुढची चाकं हाताने हलवून पिनांमधला खेळ बघायचा. मागची दोन टायर नीट बघायची, कारण नवी जोडी घ्यायची तर ट्रॅक्टरच्या किमतीचा मोठा तुकडा तिथेच जातो. रंग शेवटी. खरं म्हणजे ताज्या रंगाची मला आता भीतीच वाटते. त्याच्या खाली वेल्डिंग असतं.

यंत्रानंतर कागद, आणि आपण सीमाभागातले म्हणून कागद दुप्पट. ज्या ट्रॅक्टरांबद्दल आपण बोलतोय त्यांचे मूळ मालक बऱ्याचदा हयात नसतात. आरसी आजोबांच्या नावावर, ट्रॅक्टर तीन भावांचा, विकायला आलेला एकटा धाकटा. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर बदल, त्यासाठी फॉर्म ३१, मग विक्री, त्यासाठी २९ आणि ३०. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला होता का ते आरसीवर बघायचं. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा कुणी उतरवलेला नसतो. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ट्रॅक्टर चंदगडचा आणि घेणारा बेळगावचा, म्हणजे दोघांत तासाभराचं अंतर, पण मधे राज्याची हद्द. मग फॉर्म २८, ना हरकत, नवा नोंदणी क्रमांक, नवा कर. इंजिन आणि चासीचे नंबर आरसीशी जुळतात का ते स्वतः पुसून वाचायचं. पंधरा वर्षं झालेल्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते झालंय का बघायचं. ट्रॉली बरोबर घेत असाल तर तिची नोंदणी वेगळी असते. २०२१ मध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्राने 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली, पण ती दुचाकी आणि मोटारींसाठी. तिच्या भरवशावर ट्रॅक्टर घेऊ नये.

इथवर सगळं व्यवहाराचं झालं. आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९८२ चा मॅसी हा आपल्यासाठी जुनी मौज असेल. दोन-अडीच एकरवाल्या शेतकऱ्यासाठी तो पहिला ट्रॅक्टर असू शकतो. नवा त्याच्या आवाक्यात नाही, भाड्याचा वेळेवर मिळत नाही. पावसाने उघडीप दिली आणि दोन दिवसांत चिखलणी करायची असेल, तेव्हा भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या यादीत आपला नंबर दहावा असतो. असा माणूस जुना, चालू ट्रॅक्टर शोधत असतो. त्याच ट्रॅक्टरवर शहरातला हौशी माणूस चार पैसे जास्त टाकतो आणि घेऊन जातो. एका ट्रॅक्टरने काही बिघडत नाही, हे खरं. पण हौस वाढली की भाव वाढतो, आणि वाढलेला भाव हौशी माणसाला सोसतो, त्या शेतकऱ्याला सोसत नाही. म्हणून जो आज शेतात चालतोय तो घेऊ नये. गोठ्यामागे उभा राहिलेला, पोरं शहरात गेल्यामुळे काम सुटलेला, वर कोंबड्या बसतात असा घ्यावा. असे भरपूर आहेत. मॉडेल असं घ्यावं जे अजून कामात आहे, आणि ट्रॅक्टर असा घ्यावा ज्याचं काम सुटलंय. माझ्या सगळ्या म्हणण्याचं सार एवढंच.

आणि भाव करताना एक बघावं. घरात लग्न आहे किंवा दवाखान्याचा खर्च आहे म्हणून कुणी ट्रॅक्टर काढतोय असं कळलं, की आपल्याकडे लोक खूश होतात, 'आता पाडून मिळेल' म्हणून. शेतकऱ्याने अडचणीत विकलेली वस्तू अडचणीच्या भावाने घ्यायची, आणि मग तिला पॉलिश करून 'वारसा' म्हणून मिरवायची, यातलं पहिलं केलं की दुसरं म्हणायचा हक्क जातो. भंगारवाला काय देईल हे माप न धरता, चालू ट्रॅक्टर झाल्यावर त्याचं मोल काय होईल ते धरावं आणि दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा करावा. हे हिशेबाने होतं, दानधर्म लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सगळ्यांनी मॅसी आणि महिंद्राच घेतले, तर पोलिश एस्कॉर्ट्स, बडोद्याचे जुने ट्रॅक्टर, शेवटचे एचएमटी यांचं काय? ते भंगारात वितळतील. कुंड्या ठेवून का होईना, कुणीतरी ते उभे ठेवलेत ना?

दुर्मीळ यंत्र कुणीतरी जपायला हवं हे मला मान्यच आहे. पण ते काम पहिल्यांदा ट्रॅक्टर घेणाऱ्याचं नव्हे. ज्याने एक साधा ट्रॅक्टर पाच पावसाळे चालू ठेवलाय, ज्याला पार्ट करून घेता येतात आणि त्यावर पैसा घालायची तयारी आहे, त्याने दुर्मीळ घ्यावा. तोही आतल्या सगळ्या अवयवांसकट. इंजिन विकून सांगाडा रंगवणं ही भंगाराचीच दुसरी तऱ्हा झाली, फक्त हळू. चालू करणं खरंच शक्य नसेल, तर निदान आतलं काही काढू नये, पाणी शिरू देऊ नये, नंबर खरवडू नयेत. पुढच्या पिढीत कुणाला चालू करायची बुद्धी झाली तर त्याला संधी राहील.

घेतलेला ट्रॅक्टर चालवावाच. रोज नाही, पण वर्षातून काही दिवस तरी त्याने खरं काम करावं. शेजाऱ्याचं शेत नांगरून द्यावं, शेणखत ओढावं. उभ्या ट्रॅक्टरच्या सील सुकतात, डिझेल टाकीत पाणी धरतं, क्लच चिकटतो. खंडेनवमीला गावात ट्रॅक्टर धुऊन झेंडूची माळ घालतात, आणि सण झाला की तोच ट्रॅक्टर चिखलात जातो. आमच्याकडे १५ मेला शेतकऱ्यांचा पालक संत इसिदोर याचा सण असतो. त्याच्या कथेतही तो प्रार्थना करत असताना नांगर थांबत नाही, देवदूत येऊन तो चालवतो. दोन्ही परंपरांत अवजाराचा मान कामाबरोबर चालतो.

चालवताना मात्र हौस बाजूला ठेवावी. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर वाचवणारी चौकट नसते. बांधावरून तिरका उतरवू नये, आणि ओढायची वस्तू खालच्या हुकालाच लावावी. वर लावली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. मागच्या फिरत्या शाफ्टजवळ ओढणी, लुंगी, सैल बाही नको. डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, रस्त्यावर नेताना दोन्ही पेडलं खिट्टी लावून एक करावीत. मडगार्डवर पोरांना बसवून फिरवणं आपल्याकडे प्रेमाचं लक्षण समजतात. ते बंद करावं.

शेवटी आपल्या मंडळाच्या कामाची गोष्ट. मिस्त्री ट्रॅक्टरबद्दल बोलतात ते मी वहीत उतरवून घेतलंय. इंजिन ऑइल 'खातं', पाणी 'पितं'. चढाला त्याला 'दम लागतो', भार जास्त झाला की ते 'बसतं'. डिझेलच्या नळीत हवा गेली की 'हवा धरली'. इंजिन दुरुस्त करतात त्याला 'बांधणं' म्हणतात. पार्टांची नावं जवळपास सगळी इंग्रजी, क्रियापदं मात्र सगळी गोठ्यातली. ज्या माणसांनी बैलांनंतर पहिल्यांदा ट्रॅक्टर हाताळला, त्यांनी बैलांचीच भाषा त्याला दिली. हे कुठल्याही माहितीपुस्तकात नाही. ही पुस्तकं इंग्रजीत होती, बहुतेकांनी ती वाचलीच नाहीत. ज्ञान हातातून हातात आणि तोंडातून कानात गेलं. आम्ही ज्यांना बरोबर नेलं ते मिस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो, त्यात त्याचं काही चुकत नाही.

तुमच्या घरात किंवा गावात जुना ट्रॅक्टर असेल, तर विकण्याआधी आणि रंगवण्याआधी दोन कामं करा. त्याच्या इंजिनाचा नंबर आणि साल लिहून ठेवा, आणि तो कोण दुरुस्त करायचं ते शोधून त्यांच्याशी तासभर बोला. जे शब्द कानावर पडतील ते जसेच्या तसे लिहून मंडळाकडे पाठवा, कानडी मिसळलेले असले तरी शुद्ध करू नका. काकांचा शोध अजून चालू आहे. हलशीच्या बाजूला गोठ्यामागे एक बी-२७५ उभा आहे म्हणे, सहा वर्षं चालू केलेला नाही. मिस्त्रींना वेळ झाला की बघायला जाणार आहोत.